बार +६ दाखवतो, तरी डाव बरोबरीत कसा सुटतो?

धाराशिवहून बोलतोय. आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना पटावरची घरं डोक्यात ठेवणं अवघड जातं, म्हणून या वेळी तरी माझं ऐका: पट मांडा आणि मग वाचा. लाकडी पट नसेल तर फोनवरचा चालेल. इंजिन मात्र सध्या बंद ठेवा. ते कधी सुरू करायचं ते मी सांगतो.

सुरुवात बातुमीपासून करू. २८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाची फायनल चालू होती. एका बाजूला आपली नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला कोनेरू हम्पी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिड डावही बरोबरीत. दुसरा रॅपिड डाव दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही घेऊन आली. तो डाव लाइव्ह बघितलेल्यांना आठवत असेल, शेवटच्या टप्प्यात पटाशेजारचा तो काळा-पांढरा बार कसा वर-खाली उड्या मारत होता. डाव झाल्यावर दिव्यानं स्वतःच सांगितलं की मला एंडगेम शिकायला हवेत.

आता बघणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय झालं? आपण पट बघायचं सोडून बार बघत बसलो. बार वर गेला की 'अरे वा', खाली आला की 'गेली संधी'. आणि हीच सवय घेऊन आपण आपले डावही तपासतो. गावाकडं, तालुक्याला राहणाऱ्या कित्येक पोरापोरींना रोज भेटणारा कोच नसतो. त्यांचा कोच म्हणजे फोनमधलं इंजिन. त्यानं लाल दाखवलं की चाल चूक, हिरवं दाखवलं की बरोबर. विषय संपला.

विषय तिथं संपत नाही, हे सांगायला आजचा भाग आहे. इंजिन आपल्यापेक्षा फार फार चांगलं खेळतं, याबद्दल वाद नाहीच. पण एंडगेममध्ये, म्हणजे मोजके मोहरे उरलेले असताना, काही ठराविक प्रकारच्या जागा अशा असतात जिथं त्याचा आकडा आणि पटावरचं सत्य यांचा मेळ बसत नाही. या जागा ओळखता आल्या तर कोच म्हणून इंजिनचा उपयोग दुप्पट होतो. ओळखता आल्या नाहीत तर ते तुमची बरोबर चालही तुमच्याकडून सोडवतं.

तो आकडा नेमका कशाचा असतो?

इंजिन दोन कामं करतं. एक, पुढच्या चाली बघत जातं: मी हे खेळलो, तो ते खेळला, मग मी हे. दोन, कुठंतरी थांबून त्या जागेला अंदाजे मार्क देतं. थांबावं लागतंच, कारण सगळ्या चाली शेवटपर्यंत बघायला जगातला कुठलाही कॉम्प्युटर पुरत नाही. फोनवर 'डेप्थ २४' असं काहीतरी दिसतं ना, ते म्हणजे किती खोल जाऊन मार्क दिलेत त्याचा हिशेब.

पूर्वी हे मार्क देण्याचे नियम माणसं हातानं लिहायची. प्याद्याला १, घोड्याला आणि उंटाला ३ च्या आसपास, हत्तीला ५, वजिराला ९, शिवाय राजाची सुरक्षा, मोकळे रस्ते वगैरे. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं आणि हे काम एका न्यूरल नेटवर्ककडं गेलं. त्याची मूळ कल्पना जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी, यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडली होती. मार्क देणं त्यामुळं कमालीचं सुधारलं. पण शेवटी ते मार्कच. अंदाजच.

आणखी एक गोष्ट. २०२२ च्या डिसेंबरात स्टॉकफिश १५.१ आलं, तेव्हापासून त्याच्या +१ चा अर्थ 'एक प्यादं जास्त' असा राहिलेला नाही. +१ म्हणजे स्टॉकफिश स्वतःविरुद्ध खेळलं तर इथून जिंकण्याची शक्यता साधारण ५० टक्के. 'स्वतःविरुद्ध' हा शब्द अधोरेखित करा. तुम्ही, समोरचा खेळाडू आणि घड्याळातली उरलेली दोन मिनिटं, हे त्या हिशेबात कुठंच नाहीत.

आता खरी गोम. ओपनिंगमध्ये किंवा डावाच्या मध्यात +०.७ म्हणजे 'जरा बरं आहे' असा अर्थ लावता येतो. पण एंडगेममध्ये सत्य तीनच प्रकारचं असतं: जिंकलेला, हरलेला, बरोबरीचा. 'थोडासा जिंकलेला' असं काही नसतं. म्हणून +४ दिसलं की दोन शक्यता उरतात. एक तर डाव खरंच जिंकलेला आहे आणि इंजिनला अजून मात दिसायची आहे. नाहीतर डाव बरोबरीचा आहे आणि इंजिनला ते कळलेलं नाही. आकडा दोन्हीकडं सारखाच दिसतो.

पहिला सापळा: किल्ला

एक सोपी जागा मांडा. पांढरा: राजा जी५, उंट ई४, प्यादं एच६. काळा: एकटा राजा, एच८ वर. पांढऱ्याकडं एक उंट आणि एक प्यादं जास्त. नुसते मोहरे मोजले तर +४. पण पांढरा कितीही प्रयत्न करो, हा डाव बरोबरीतच सुटणार. कारण प्याद्याचा वजीर होणार एच८ वर, ते घर काळं, आणि आपला उंट पांढऱ्या घरांचा. काळा राजा कोपऱ्यात जी८-एच८ करत बसतो. त्याला बाहेर काढता येत नाही. फारच कोंडलं तर शह नसताना त्याला खेळायला घरच उरत नाही, म्हणजे स्टेलमेट.

ही जागा आजच्या इंजिनांना पाठ आहे, जुनी इंजिनं मात्र इथं फसायची. पण तत्त्व लक्षात ठेवा: ताकद भरपूर, आत शिरायला वाट नाही. बुद्धिबळात याला 'फोर्ट्रेस' म्हणतात, म्हणजे किल्ला. आणि किल्ल्याचं उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

आपलं परंडा घ्या. भुईकोट किल्ला, सपाट जमिनीवरचा, भोवती खंदक. १६३४ मध्ये शाहजहान बादशहाचा मुलगा शाह शुजा आणि सरदार महाबत खान मोगली फौज घेऊन परंड्यासमोर उभे राहिले. त्या वेळी बार असता तर त्यानं काय दाखवलं असतं? मोगल +९. माणसं जास्त, पैसा जास्त, तोफा जास्त. पण किल्ला काही हाती आला नाही आणि शेवटी वेढा उठवून फौज माघारी गेली. मोजणी बरोबर होती, फक्त आत जायचा रस्ता मोजायचा राहिला होता.

इंजिनचं तसंच होतं. ते मोहरे आणि त्यांची ताकद छान मोजतं. 'इथून कधीच आत शिरता येणार नाही' हे वाक्य मात्र त्याला बोलता येत नाही, कारण त्याच्याकडं 'कधीच' नावाची गोष्ट नसते. त्याच्याकडं असतात फक्त पुढच्या इतक्या चाली. तेवढ्या चालींत आकडा पडला नाही, तर ते समजतं की फायदा अजून शाबूत आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१७ मधलं. पुढं २०२० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले रॉजर पेनरोझ माहितीयत ना? त्यांचे भाऊ जोनाथन पेनरोझ दहा वेळा ब्रिटनचे बुद्धिबळ विजेते होते, म्हणजे खेळ घरातलाच. तर पेनरोझ इन्स्टिट्यूटनं २०१७ मध्ये एक जागा लोकांपुढं ठेवली. मांडून बघा.

पांढरा: राजा ई२, प्यादी ए२, बी३, सी४, सी६. बस्स.
काळा: राजा ए६, वजीर ए५, हत्ती ए४ आणि बी५, उंट ई५, एफ४ आणि जी३, प्यादी ए३, बी४, सी५, बी६, ए७.

काळ्याकडं तीन उंट आहेत, आणि तिन्ही काळ्या घरांवरचे. विचित्र दिसतं, पण प्याद्यांचे उंट केले तर अशक्य नाही. मोहऱ्यांची बेरीज करा. काळा ३३, पांढरा ४. त्या वेळच्या इंजिनांनी ही जागा बघून काळा सहज जिंकतोय असा कौल दिला.

आता इंजिनसारखं न बघता आपल्यासारखं बघा. काळ्याचा वजीर हलू शकतो का? नाही, चारी बाजूंनी आपलेच मोहरे. हत्ती? दोन्ही अडकलेले. राजा? बी७ वर सी६ च्या प्याद्याची नजर आहे, बाकी घरं आपल्याच माणसांनी भरलेली. प्यादी? सगळी समोरासमोर अडलेली. म्हणजे हलू शकतात फक्त तीन उंट, आणि ते काळी घरं सोडून कुठं जाऊ शकत नाहीत. पांढऱ्याची चारही प्यादी कुठल्या घरांवर आहेत? पांढऱ्या. राजा? पांढऱ्या. मग पांढऱ्यानं बी५ चा किंवा ए४ चा हत्ती मारायचा मोह टाळायचा आणि राजा फक्त पांढऱ्या घरांवरून फिरवत राहायचा. त्याला शह बसणं शक्यच नाही. ५० चालींत कुणी प्यादं हलवलं नाही, काही मारलं नाही, की डाव बरोबरीत. उलट काळ्यानं हलगर्जीपणा करून सी७ या घरावरची उंटांची नजर काढलीच, तर सी६ चं प्यादं पुढं सरकेल, आणि काळ्यानं तेव्हाही लक्ष दिलं नाही तर सी८ वर वजीर होऊन काळ्या राजाला मात बसेल.

बघा, आपण एकही लांबलचक चालींची साखळी मोजली नाही. 'यांचे उंट काळ्या घरांचे, माझं सगळं पांढऱ्या घरांवर', एवढ्या एका विचारात काम झालं. इंजिन उंटांच्या लाखो फेऱ्या मोजत बसतं आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी मोहरे मोजून म्हणतं, काळा पुढं आहे.

मध्यंतरी कळंब तालुक्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. अकरावीत आहे. स्पर्धेत त्याच्याकडं हत्ती आणि काही प्यादी, समोर वजीर. यानं हत्ती प्याद्याच्या आधारानं उभा केला, राजा मागं दडवला आणि हत्ती दोन घरांत पुढं-मागं करत राहिला. समोरच्यानं बराच वेळ प्रयत्न केला, काही जमेना, बरोबरी झाली. घरी येऊन फोनवर डाव टाकला तर बार म्हणे +६. मित्र म्हणाले, नशीब तुझं. त्याचा प्रश्न होता: दादा, मी हरलेला डाव नशिबानं वाचवला का?

नाही रे. वजिराविरुद्ध हत्ती प्याद्याच्या आधारानं उभा करून किल्ला बांधणं हे एंडगेमच्या पुस्तकांत शिकवलं जाणारं, जुनं, पक्कं तंत्र आहे. तुझा किल्ला खरा होता की त्यात भगदाड होतं, हे तपासायचा मार्ग मी शेवटी सांगतो. पण नुसत्या +६ वरून त्याला नशीब म्हणायचं कारण नाही. समोरच्याला इतक्या चालींत वाट सापडली नाही, ही साक्षही मोजायला हवी.

दुसरा सापळा: सगळं गमावणारी शांत चाल

किल्ल्यात इंजिनला वाटतं डाव जिंकलाय, आणि तो बरोबरीत असतो. आता उलटं. बरोबरी वाटते, आणि विजय लपलेला असतो.

स्पेनमधलं लिनारेस, १९९८. वेसेलिन टोपालोव पांढरा, अलेक्सी शिरोव काळा. पट मांडा.

पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४.
काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. चाल काळ्याची.

काळ्याकडं दोन प्यादी जास्त. पण उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे आहेत, आणि अशा एंडगेममध्ये दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो, हे आपल्याला सगळेच सांगतात. पांढऱ्याचा बेत साधा आहे: राजा एफ२, मग ई३. एकदा तो तिथं बसला की काळ्या राजाचा रस्ता बंद. काळ्याला त्याआधी आपला राजा ई४ वर न्यायचाय. वाट एफ५ वरून जाते, आणि तिथं स्वतःचाच उंट उभा. उंट साधा कुठंतरी बाजूला घेतला तर तेवढ्या वेळात पांढरा राजा ई३ गाठतो. एका चालीचा फरक.

शिरोवनं उंट एच३ वर ठेवला. समोर जी२ चं प्यादं, त्याच्या तोंडात. फुकट.

पांढऱ्यानं उंट मारला. काळा राजा एफ५. पांढरा राजा एफ२. काळा राजा ई४, आणि पोचला! पांढऱ्यानं एफ६ चं प्यादं मारलं, काळ्यानं डी प्यादं पुढं ढकललं. मग राजा डी३, सी४, बी३ असा चालत गेला. एका बाजूला ए प्यादं, दुसरीकडं डी प्यादं, मध्ये दोघांना अडवायला पांढऱ्याचा एकटा उंट. ५३ व्या चालीनंतर टोपालोवनं डाव सोडला. आणि समजा पांढऱ्यानं एच३ चा उंट मारलाच नसता? तो उंट जी२ च्या प्याद्यावर रोखलेला आहे. पांढरा राजा एफ२, काळा राजा एफ५, पांढरा राजा एफ३, तर उंट जी२ चं प्यादं शह देऊन मारतो, राजाला तो उंट मारायला बाजूला जावं लागतं, आणि ई४ पुन्हा मोकळं.

ही चाल कित्येक वर्षं इंजिनांना सापडत नव्हती. का? इंजिन सगळ्या चाली सारख्या खोलीपर्यंत बघत नाही. परवडतच नाही. जी चाल सुरुवातीलाच वाईट दिसते ती थोडक्यात आटोपायची आणि चांगल्या दिसणाऱ्या चालींना वेळ द्यायचा, असा त्याचा खाक्या आहे. दहापैकी नऊ वेळा हा खाक्या कामाला येतो, त्याच्यामुळंच तर ते इतकं खोल जातं. पण उंट फुकट देणारी, शह नसलेली, काही न मारणारी चाल सुरुवातीला कशी दिसणार? भिकार. तिचा नफा सात-आठ चालींनी पुढं, आणि तोही प्याद्यांच्या रूपात. मोहरे मोजणारा डोळा तिथवर पोचायच्या आधीच तिला रांगेत मागं ढकलतो.

आजचं स्टॉकफिश ही चाल शोधू शकतं. किती वेळात, ते तुमच्या फोनवर अवलंबून. हा प्रयोग आज घरी करून बघा: इंजिन सुरू करा आणि पहिल्या काही सेकंदांत ते कुठली चाल वर दाखवतं, किती डेप्थला एच३ वर येतं, ते लिहून ठेवा. पहिल्या सेकंदाच्या कौलावर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

तिसरा सापळा: चाल करावी लागणं हीच शिक्षा

पत्त्यांच्या कितीतरी डावांत आपण 'पास' म्हणतो. बुद्धिबळात पास नाही. आपली पाळी आली की खेळावंच लागतं. एंडगेममध्ये अशी वेळ येते की सगळे मोहरे योग्य जागी उभे आहेत, पण पाळी आपली आहे म्हणून आपण हरतो. इकडं आड, तिकडं विहीर. जर्मन शब्द आहे त्सुगत्स्वांग.

सगळ्यात छोटं उदाहरण. पांढरा: राजा डी५, प्यादं ई४. काळा: राजा एफ४, प्यादं ई५. दोघांकडं एकेक प्यादं, सगळं समसमान. पण पाळी ज्याची, तो हरला. पांढऱ्याची पाळी असेल तर त्याचा राजा बाजूला होणार, ई४ चं प्यादं पडणार आणि काळ्याचं प्यादं वजीर होणार. काळ्याची पाळी असेल तर नेमकं उलटं.

यात इंजिनची अडचण काय? वेळ वाचवायला इंजिनं एक फार हुशार युक्ती वापरतात. ती मनात म्हणतात: समजा मी इथं पास दिला, समोरच्याला सलग दोन चाली दिल्या, आणि तरीही मी चांगलाच राहिलो, तर खरी चाल केल्यावर मी नक्कीच चांगला असणार. मग ही फांदी जास्त तपासायला नको. याला 'नल मूव्ह' म्हणतात. डावाच्या मध्यात हे जवळजवळ नेहमी बरोबर ठरतं, कारण तिथं काहीतरी खेळणं हे काहीच न खेळण्यापेक्षा बरं असतं. पण त्सुगत्स्वांगमध्ये नेमकं उलटं आहे. तिथं पास हीच सगळ्यात भारी चाल असते आणि तीच मिळत नाही. म्हणजे ज्या गृहीतकावर युक्ती उभी आहे, तेच इथं खोटं.

स्टॉकफिश बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. म्हणून ज्या बाजूकडं फक्त राजा आणि प्यादी उरलीत, तिथं ते ही युक्ती वापरत नाही. वरची छोटी जागा ते चुटकीसरशी सोडवतं. पण एखादा घोडा, उंट किंवा हत्ती पटावर असताना त्सुगत्स्वांग लपलेलं असेल, तर ते दिसायला इंजिनला वेळ लागू शकतो. आणि आपण कुठं वेळ देतो? तीन सेकंद बार बघतो आणि पुढच्या चालीवर जातो.

मग सत्य कुठं मिळतं?

काही जागांपुरतं सत्य खरोखर उपलब्ध आहे, तेही फुकट. त्याला टेबलबेस म्हणतात. त्यात अंदाज नसतो. शेवटच्या मातेपासून उलटं चालत येऊन प्रत्येक शक्य जागेचं उत्तर काढून ठेवलेलं असतं: जिंकलेली, हरलेली, बरोबरीची. सध्या सगळ्यात जास्त वापरला जाणारा संच म्हणजे सिझिजी, रोनाल्ड दे मान यांनी २०१३ मध्ये आणलेला. राजे धरून पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच साधारण १ जीबीत बसतो. सहा मोहऱ्यांचा सुमारे १५० जीबी. सात मोहऱ्यांचा, जो २०१८ मध्ये पूर्ण झाला, १७-१८ टीबीच्या घरात. एकेक मोहरा वाढला की आकार कित्येक पटींनी फुगतो. फोनमध्ये तो मावणार नाही, पण लिचेसवर नेट चालू असताना बघता येतो.

टेबलबेसनं माणसांनाही धडा शिकवलाय बरं का. दोन उंट विरुद्ध एक घोडा या एंडगेममध्ये घोडेवाल्याला एक पक्का किल्ला बांधता येतो, असं क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ मध्ये दाखवलं होतं आणि पुढं शंभर-सव्वाशे वर्षं जग ते मानत आलं. १९८३ मध्ये केन थॉम्पसन यांनी कॉम्प्युटरवर सगळ्या जागा काढल्या. हे तेच थॉम्पसन, ज्यांनी युनिक्स बनवण्यात मोठा वाटा उचलला. निकाल असा निघाला की दोन उंटवाला बहुतेक ठिकाणी जिंकतो, जास्तीत जास्त ६६ चालींत. किल्ल्याला भगदाड होतं, माणसाला ते दिसलं नव्हतं. म्हणून 'इंजिन चुकतं, मीच बरोबर' असा उलटा माज पण नको.

आणि पूर्ण झालेल्या टेबलबेसची हद्द सात मोहऱ्यांशी थांबते, हे विसरू नका. शिरोवच्या त्या जागेत मोहरे किती? मोजा. दहा. पेनरोझच्या जागेत सतरा. म्हणजे खऱ्या डावांतली अवघड जागा बहुतेक वेळा हद्दीबाहेरच असते, आणि तिथं इंजिनचा अंदाज आणि तुमचं डोकं, एवढंच हाताशी.

फोन हातात घेतल्यावर काय करायचं?

एक. डाव तपासताना आधी बार झाकून ठेवा. स्वतः लिहा: ही जागा जिंकलेली, हरलेली की बरोबरीची, आणि का. एक ओळ पुरे. मग इंजिन लावा.

दोन. मोहरे मोजा. सात किंवा कमी असतील तर इंजिनला विचारूच नका. लिचेसच्या अ‍ॅनालिसिस बोर्डवर पुस्तकाचं चिन्ह दाबा आणि टेबलबेसचा निकाल बघा.

तीन. सातपेक्षा जास्त असतील तर आकडा किती आहे यापेक्षा तो हलतो का, हे बघा. इंजिनच्याच चाली दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस वेळा खेळत जा. डाव खरा जिंकलेला असेल तर प्यादं पुढं सरकतं, काहीतरी मारलं जातं, आकडा वाढत जातो. आकडा +६ वरच ठाण मांडून बसला आणि मोहरे नुसते इकडून तिकडं फिरतायत, तर समोर किल्ला असण्याची दाट शक्यता आहे. त्या अकरावीतल्या दोस्ता, तुझ्या हत्तीची परीक्षा अशी घे.

चार. बरोबरी दाखवत असेल आणि तुमच्या मनात एखादी वेडी चाल असेल, तर ती पटावर प्रत्यक्ष खेळा आणि मग इंजिनला विचारा. बाहेरून विचारल्यावर ते ती चाल मागं ढकलत असेल, पण तुम्ही ती खेळल्यावर त्याला तिच्याकडं बघावंच लागतं. एका चालीनं त्याचं काम कमी होतं.

पाच. अडलेल्या जागेत स्वतःला विचारा: आत्ता समोरच्याला पास देता आला असता तर त्यानं दिला असता का? उत्तर 'हो' असेल तर त्सुगत्स्वांग जवळपास आहे. अशा वेळी इंजिनला मिनिटभर तरी विचार करू द्या.

या पाचही गोष्टींना पैसे लागत नाहीत, कोचही लागत नाही. लागतो तो थोडा धीर. आणि स्पर्धेत बसल्यावर तर फोन बाहेरच ठेवावा लागतो. तिथं +६ की ०.००, हे तुमच्या शेजारी कुणी दाखवणार नसतं. तिथं 'यांचे उंट काळ्या घरांचे, माझं सगळं पांढऱ्यावर' हे तुम्हालाच दिसायला हवं, नाहीतर वाचवता येणाऱ्या जागेत तुम्ही हात पुढं करून डाव सोडून द्याल.

गृहपाठ: पेनरोझची जागा तुमच्या फोनवर मांडा, इंजिनला एक मिनिट द्या, मग पांढऱ्याचा राजा पांढऱ्या घरांवरून फिरवत त्याच्याविरुद्ध खेळा. किती चालींनंतर त्याचा आकडा खाली येतो, ते मला व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. फोनचं मॉडेल आणि डेप्थ पण सांगा, म्हणजे पुढच्या भागात सगळ्यांचे निकाल शेजारी ठेवून बघू. तोवर खेळत राहा. भेटू!